आली की आणली

पुलगावच्या पुढे, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावर तेव्हा एक कारखाना होता. 'तेव्हा' म्हणजे मागे नव्हे, पुढे. ही अजून यायच्या वर्षांतली गोष्ट आहे. पण झाली म्हणून सांगितल्याशिवाय गोष्टीला मीठ लागत नाही, तेव्हा झाली असंच धरून चला.

त्या कारखान्यात सरळ गर्डर वाकडे करून मिळत. सगळं जग वाकड्याला सरळ करायला धडपडतं; इथं कारभार उलटा. नदीच्या ऐन वळणावर नवा पूल होत होता, आणि वळणाच्या पुलाला सरळ गर्डर काय कामाचे? म्हणून सरळ आलेला गर्डर तापवायचा, हवा तेवढाच वाकवायचा आणि धाडून द्यायचा. गर्डर एवढे लांब, की या टोकाला कुणी शिंकलं आणि त्या टोकाचा माणूस "सत्य आहे" म्हणाला, तर ते ऐकू येईपर्यंत शिंकणाऱ्याचं पडसं बरं झालेलं असायचं.

या वाकडेपणाचा हिशोब ठेवणारी बाई म्हणजे कुमुद ढोबळे. आडनाव ढोबळे आणि हिशोब मिलिमीटरचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असं आपण म्हणतो. इथं नाव कथलाचं होतं आणि हाती सोनं. तिनं आपल्या एकुलत्या एका मुलीचं नाव ठेवलं ऋजुता. ऋजुता म्हणजे सरळपणा. दिवसभर वाकडं करायचं, तर घरात एक तरी सरळ असावं, असा त्यामागचा विचार. ऋजुताचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोघीच. आणि दोघींपैकी एकही वाकायची नाही, हे शेजाऱ्यांना भिंतीपलीकडूनही ठाऊक होतं.

लोखंड वाकवायला हातोडा लागतो असं ज्याला वाटतं, त्यानं त्या शेडमध्ये एकदा उभं राहायला हवं होतं. गर्डर म्हणजे काय, तर वर एक आडवी पोलादी पट्टी, खाली एक, आणि दोघींना जोडणारा मधला उभा पत्रा. तो टेकूंवर ठेवायचा आणि दोन्ही पट्ट्यांच्या एकाच बाजूच्या कडेवरून गॅसच्या ज्योती फिरवायच्या. ना दाब, ना घाव. कड तापली की तिला लांब व्हायचं असतं. पण बाकीचा गर्डर थंड, तो तिला होऊ देत नाही. या ओढाताणीत गर्डर आधी ज्योतीपासून लांब पळतो, म्हणजे उलट्याच बाजूला बाक धरतो. नवखा माणूस ओरडतो, "अहो, चुकीकडे चालला!" त्याला ओरडू द्यायचं. तापून मऊ झालेली कड लांब व्हायला जागा नाही म्हणून स्वतःतच दबते, जाड होते. ज्योत काढली की ती निवते, आकसते, आणि आता मूळच्यापेक्षा तोकडी पडते. तोकडी कड सगळ्या गर्डरला आपल्याकडे ओढते. पळालेला गर्डर हळूहळू सरळ होतो, आणि मग ज्या बाजूनं पोळला त्याच बाजूला वळून येतो.

यात खरी मेख पुढेच आहे. सुटी कांब मोकळ्यावर ठेवून सगळीकडून सारखी तापवली, तर ती लांबते आणि निवली की होती तशी होते. जणू काही घडलंच नाही. बाक कायमचा बसतो तो कुणीतरी धरून ठेवलेलं असतं म्हणून. या धरून ठेवण्याला कुमुदच्या हिशोबात 'रोध' म्हणत.

शेडमधल्या लोकांना एवढे शब्द लागत नसत. तापवण्याला ते ताव देणं म्हणत. एका तावात गर्डर हव्या त्या बाकाला पोचला की मुकादम ठवकर शेड दणाणून सोडायचा, "आला!" तेवढ्यानं भागलं नाही आणि दुसरा ताव द्यावा लागला, तर तो आला नव्हे, 'आणला'. आलेल्या गर्डरचा चहा आल्याचा आणि आणलेल्याचा बिनआल्याचा, असाही एक नियम होता.

पण कुठला येईल आणि कुठला आणावा लागेल, हे आधी कुणालाच सांगता यायचं नाही. एकाच मापाचे दोन गर्डर दोन तऱ्हांनी वागत, कारण प्रत्येक गर्डर पोटात जुने ताण घेऊन येतो. लाटला जाताना बसलेले, जोडला जाताना बसलेले. बाहेरून दिसत नाहीत, पण ताव दिला की जागे होतात. कुमुदनं उमेदीची वर्षं खर्चून एक संगणक-प्रणाली उभी केली. ती ध्वनिलहरी पाठवून गर्डरच्या पोटातले ताण वाचायची, पडद्यावर त्याचा जुळा भाऊ तयार करायची, त्या जुळ्याचे लाखो बारीक तुकडे पाडायची आणि एकेका तुकड्याला विचारायची: तू किती तापलास? शेजाऱ्यानं तुला किती दाबलं? निवल्यावर तू कुठं असशील? सगळ्यांच्या उत्तरांची बेरीज म्हणजे गर्डरचं भविष्य. इकडे ज्योत विझायच्या आत तिकडे पडद्यावर थंड झालेला गर्डर दिसायचा.

कागदोपत्री तिचं नाव होतं 'उष्णवक्रीभवन भाकीत प्रणाली'. टोळीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं पंचांग.

ताव देणाऱ्यांचे दोन्ही हात गुंतलेले आणि तोंडावर काच, म्हणून पंचांगाला कान आणि तोंड दिलं होतं. पुण्याहून हे तोंड बसवून आलं तेव्हा ते "कृपया ज्योतीचा वेग कमी करावा" असं बोलायचं. वर्षभर ठवकरच्या टोळीत राहिलं आणि "हळू घे ना बाप्पा, कुठं आग लागली?" म्हणू लागलं. ऐकलेल्या शब्दांतून शिकायचं, हा त्याचा धर्मच होता.

पंचांग आलं तशी निवायची वाट पाहणं संपलं. पूर्वी ताव दिला की टोळी गर्डरभोवती बसून राहायची. त्याला तळहात टेकवता येईतो कुणी माप घ्यायचं नाही. आता गर्डर गरम असतानाच त्याचं माप पडद्यावर हजर. तो तसाच ट्रेलरवर चढायचा, आणि टोळी पुढच्याला भिडायची. काम दुप्पट झालं. कुणाचं काही बिघडलं नाही. निदान गर्डरचं तरी.

आणि एक दिवस फाटकात ट्रेलरसमोर ऋजुता उभी राहिली.

पूल बांधून घेणाऱ्यांनी तपासणीसाठी नेमलेली अभियंता म्हणून ती तिथं नुकतीच लागली होती. ट्रेलर बिनचालकाचा. त्याला वाद घालता येत नव्हता. समोर माणूस दिसला म्हणून तो निमूट थांबला.

"गर्डर खाली उतरवा," ऋजुता म्हणाली. "निवल्यावर मोजीन, मग सही करीन."

कुमुद पडद्यापुढून उठून आली. "ऋजू, बाजूला हो. पलीकडे क्रेन खोळंबलीये."

"मॅडम, कामावर मी ढोबळे."

"बरं, ढोबळे मॅडम. एका ढोबळ्यांच्या आकड्यावर दुसऱ्या ढोबळ्यांचा विश्वास नाही का?"

"आकड्यावर आहे. पण मी सही करते ती आकड्यावर नाही, गर्डरवर."

टोळी काम टाकून गोळा झाली. ठवकर शेजारच्या मारोतीला म्हणाला, "दोन ढोबळे आन मधात एक गर्डर. आज कोन वाकते पाहून घे."

कुमुदनं गर्डर उतरवला. मुद्दाम उतरवला. निवू दिला, आणि निवल्यावर सगळ्यांदेखत मापाची तार लावली. फरक निघाला तो रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढाही नव्हता. इथं थांबायचं होतं. पण माणूस बरोबर ठरला की त्याला थांबता येत नाही. कुमुदनं शेडचा भोंगा हातात घेतला. "ऐका सगळ्यांनी! पंचांग खरं निघालं. यंत्राला कळतं, ते माझ्या पोटच्या पोरीला कळायला अख्खी दुपार गेली!"

शेड हसली. पंचांगालाही कुणीतरी हसायला शिकवलं होतं, तेही हसलं.

ऋजुतानं सही केली. घरी येऊन तिनं एक बॅग भरली. "मी पलीकडच्या काठावर राहणार आहे. पूल उभारणाऱ्यांना तपासणीला माणूस हवंय."

"जा की," कुमुद म्हणाली.

दोनच शब्द. पण ताव द्यायला ज्योत लागतेच असं नाही.

दोन-तीन दिवस कुमुदनं ताठ मानेनं काढले. मग घर मोठं वाटायला लागलं. भाजी दोघींच्या मापानं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तीच समोर यायची. आणि तिला आठवलं, की टोळीतली माणसं पंचांगाला भलतंच काही विचारत असतात.

त्याची सुरुवात ठवकरनं केली होती. बायको रागावून माहेरी गेली तेव्हा त्यानं गमतीत विचारलं, "पंचांगा, आमचा गर्डर कधी येईन?" शेडमधली सगळी बोलणी पंचांगाच्या कानावरून जात, ठवकरचं फोनवरचं भांडण त्यानं पहिल्यापासून ऐकलं होतं. ताव किती, रोध किती, निवायला वेळ किती, सगळं मांडून त्यानं दिवस सांगितला. त्या सुमारास ठवकर शेडमध्ये हसत आला: "आली!" मग मारोतीनं विचारलं. मग आणखी तिघांनी. पाच बायका गेल्या, पाचही सांगितलेल्या सुमारास आल्या. कुमुद तेव्हा हसली होती. आता जेवणाच्या सुटीत शेड रिकामी झाल्यावर ती पडद्यापुढे उभी राहिली.

"पंचांग."

"बोला, मॅडम."

"समजा, एक गर्डर आहे."

"समजायचं काय त्यात? शेडभर पडले आहेत."

"तसला नाही. पलीकडच्या काठावर आहे."

"पोरीचं विचारून राहिल्या का?"

कुमुदनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. "हो."

पडद्यावर मांडणी उमटली. ताव देणारी बाजू: ढोबळे मॅडम. रोध: ढोबळे मॅडम.

"हे चुकलंय. दोन्हीकडे मीच कशी?"

"चुकलं नाही. तुम्हीच तापवलं आन तुम्हीच धरून ठेवलं. म्हणून तं बाक बसला. पण येते पोट्टी. शुक्रवारच्या बाजारापर्यंत येते. दुसरा ताव लागत नाही. तवर हात लावू नका."

निवेपर्यंत हात लावू नये, हा नियम कुमुदनंच त्या यंत्रात घातला होता. निवत्या गर्डरला मधेच छेडलं तर बाक कुठं जाईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. स्वतःचा नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की तो शास्त्र वाटतो. कुमुदनं फोन कपाटात ठेवला. फोन म्हणजे दुसरा ताव.

बुधवारी तो कपाटातच वाजला. ऋजुताचा संदेश होता. एक फोटो: दोन खांबांवर टेकलेला गर्डर, तोच, खाली नदी. आणि दोन शब्द. "तुमचा बसला."

कुमुद त्या 'तुमचा'कडे बघत राहिली. मग तिनं लिहिलं, "छान दिसतोय." पुसलं. "जेवलीस का?" लिहिलं. तेही पुसलं. शुक्रवारपर्यंतचा तर प्रश्न होता. तिनं फोन पुन्हा कपाटात ठेवला, आणि स्वतःच्या संयमाचं तिला कौतुकही वाटलं.

शुक्रवारी बाजारातून तिनं ताजं बेसन आणलं आणि ऋजुताच्या आवडीचा पाटोडी रस्सा केला. तर्री वर आली, पाटोड्या मुरल्या, दाराबाहेर तीन वेळा पावलं वाजली आणि तिन्ही वेळा ती शेजाऱ्यांची निघाली.

शनिवारी सकाळी ठवकरनं शेडमध्ये पाऊल टाकतानाच बातमी दिली. "मॅडम, ऋजूबाई पहाडात चालल्या म्हणते. तिकडं ईशान्येत मोठा पूल होऊन राहिला, त्याच्यावर घेतलं त्याहिले. सोमवारी निघतात. बरीच वर्षं जातीन म्हणे." मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "तुमाले माहीत असन ना?"

कुमुद पडद्याशी गेली. "पंचांग, शुक्रवार गेला."

"एखादी कड उशिरा निवते, मॅडम. येते. हात लावू नका."

"कशावरून म्हणतोस? कारणं दाखव."

पंचांगानं नोंदी मांडल्या. गेल्या: पाच. आल्या: पाच. दुसरा ताव: शून्य.

त्या शून्याकडे कुमुद पाहत राहिली. आई म्हणून नव्हे, हिशोबी बाई म्हणून. तिच्या साऱ्या आयुष्यात असं शून्य तिनं पाहिलं नव्हतं. उत्तम पोलाद, उत्तम ज्योत, उत्तम हात, तरी चार-पाच गर्डरांत एखादा आणावा लागतोच. आणि इथं एकही नाही? असं पोलाद जगात कुठल्या भट्टीत निघत नाही. जिथं आकडे इतके स्वच्छ, तिथं कुणीतरी झाडू मारलेला असतो.

चहाची टोळी बाहेर लिंबाच्या सावलीत बसली होती. कुमुद तिथं जाऊन सरळ खाली बसली, तशी सगळ्यांनी पाय आवरले.

"ठवकरभाऊ, खरं सांगा. वहिनी माहेरी गेल्या होत्या ना, त्या आल्या की आणल्या?"

ठवकरचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "आली ना."

"आपण होऊन?"

"आपण होऊनच. म्हणजे मी अंजनगावले गेलो होतो, सहज."

"अख्खा जिल्हा ओलांडून सहज?"

"सासऱ्याच्या म्हशीले बरं नव्हतं."

मारोती फुटला. "मंग तू म्हशीच्या पाया पडला का? माह्या साळ्यानं पाह्यलं तुले, गोठ्याच्या दारात आडवा झालेला!"

"तू गप बे! तू तं सासऱ्याच्या घरी जायची हिंमत नव्हती म्हणून बस स्टँडवर चिवडा खात बसून होता. शेवटी तिलेच दया आली, थैली घेऊन आली तुले शोधत."

"पन मी गेलो तं होतो ना!"

एकदा बांध फुटल्यावर मग काय. एकानं मेहुणीला मध्ये घातलं होतं. एकानं सासूबाईंचं अख्खं वावर निंदून दिलं होतं. पाचवा तर म्हणाला, तो सासरच्या ओट्यावर एवढा वेळ बसला की टोपीत चिमणीनं घरटं केलं, अंडी उबवली आणि पिलं उडून गेली तेव्हा कुठं बायको दाराबाहेर आली. यातलं किती खरं ते चिमणी जाणे. पण गोळाबेरीज एवढीच: पाचांपैकी एकही आली नव्हती. पाचही आणल्या होत्या.

"मग शेडमध्ये 'आली' म्हणून कशाला सांगत होतात?"

ठवकरनं मिशीवरून हात फिरवला. एरवी पाचशे टनांच्या क्रेनला शिव्या घालणारा माणूस, पण आवाज एकदम खाली आला. "आता मॅडम... गर्डरची गोष्ट अलग. चारचौघांत बायकोले कोनी 'आणली' म्हनते का?"

कुमुदला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. जे आणणं होतं, ते सगळं शेडच्या बाहेर घडलं होतं. गोठ्यात, बस स्टँडवर, वावरात. पंचांगाचे कान तिथवर पोचत नव्हते, आणि ज्यांची तोंडं पोचली असती त्यांनी ती मिटून घेतली होती. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याला जे दिलं त्यावरून ते एवढंच शिकलं, की माणूस रागावून जातो आणि हात लावला नाही की येतो. आणि ती? ती काय शिकली होती? गर्डरला त्याचं भविष्य सांगितलं तरी तो जसा निवायचा तसाच निवतो. तिला मात्र ऋजुताचं भविष्य सांगितलं, आणि ती त्या भविष्याच्या आड लपून बसली. फोटो पाठवणाऱ्या पोरीला तिनं उत्तर दिलं नव्हतं. पलीकडच्या काठावर त्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला गेला असेल, हे सांगायला कुठल्या पंचांगाची गरज नव्हती.

ती आत गेली. "पंचांग, त्या पाचही नोंदींत 'आली' काढ. 'आणली' लिही."

पडदा क्षणभर काळा झाला. लाखो तुकड्यांचा हिशोब डोळ्यांचं पातं लवायच्या आत करणारं यंत्र चांगलं खोळंबलं. मग म्हणालं, "मंग मले काहीच सांगता येत नाही, मॅडम."

"ठीक आहे."

"पण ते आणणं म्हणजे करतात काय?"

"मला तरी कुठं माहीत आहे," कुमुद म्हणाली. "मी कधी केलं नाही."

तिनं पर्स उचलली आणि घाटाकडे निघाली.

पूल अजून जुळला नव्हता. दोन्ही काठांकडून गर्डर वळत वळत पुढं आले होते आणि मधे आभाळाचा एक तुकडा शिल्लक होता. पलीकडे जायचं तर ट्रेलरसारखा लांबचा वळसा, नाहीतर नाव. नावाडी ओळखीचा, बॅटरीची मोटर लावता लावता म्हणाला, "ऋजूबाईले भेटाले का? काल विचारत होत्या, कारखान्याकडून कोनी आलं का म्हणून."

"काय विचारलं? कोण आलं म्हणून?"

"कोनी बी."

हे ऐकल्यावर कुमुदनं मनात जुळवलेली वाक्यं एकेक करून नदीत पडली. मधल्या धारेपर्यंत ती पोरीला आणायला निघाली होती. सोमवार रद्द कर, घरी चल, झालं गेलं विसर. मधल्या धारेत पलीकडून पुढं आलेल्या गर्डरची सावली नावेवरून सरकली, आणि तिला वाटलं, एवढा मोठा पूल आपल्याशिवाय उभा राहतोय, आणि त्यात पोरीचा हात आहे. हिला परत कुठं आणायची? त्या घरात, जिथं दुसऱ्या दिवशी कालचीच भाजी असते?

ऋजुता खांबाच्या पायथ्याशी, अजून वर चढायच्या एका गर्डरच्या कडेला बाक तपासायचा लाकडी फर्मा लावून बघत होती. आईला पाहून तिनं फर्मा खाली ठेवला नाही.

"पंचांगानं पाठवलं?"

"पंचांग म्हणालं, हात लावू नका."

"मग?"

"मग आले."

ऋजुतानं मान पुन्हा कामात घातली. "सोमवारी मी जाणार आहे. ते बदलणार नाही."

"बदलायला नाही आले." हे मधल्या धारेपर्यंत खरं नव्हतं, आता झालं होतं.

"मग काय, तुमचं बरोबर होतं हे पुन्हा एकदा सांगायला? सांगा. इथंही भोंगा आहे. बोल्ट कसणारी माणसं आहेत, हसतील."

"माझं बरोबर होतं," कुमुद म्हणाली. "म्हणूनच मी यायला पाहिजे होतं, आणि तेही त्याच दिवशी. ज्याचं चुकतं त्याला येता येत नाही गं, त्याचे पाय उचलत नाहीत. ज्याचं बरोबर असतं त्याच्याच पायांत काही बेडी नसते. आणि मी दारात बसून तुझ्या पावलांची वाट पाहत राहिले."

ऋजुताच्या हातातला फर्मा कडेला टेकला होता तिथंच राहिला.

"आणि तुझं चुकलंही नव्हतं. तपासलं आणि काही निघालं नाही, म्हणजे तपासायला नको होतं असं होत नाही. मला हे त्या दिवशीही माहीत होतं. भोंग्यावर वेगळं बोलले."

खाली पाणी वाहत होतं. वरून कुणीतरी "अर्धा फेरा अजून!" म्हणून ओरडलं आणि कुणीतरी बोल्ट कसला.

"फोटो पाहिला होता?" ऋजुतानं विचारलं.

"पाहिला."

"उत्तर नाही दिलं."

"अगं, ते... निवेपर्यंत हात लावायचा नसतो ना, म्हणून..."

ऋजुतानं फर्मा खाली ठेवला. वळून आईकडे पाहिलं. "मी गर्डर आहे?"

"पंचांग म्हणालं शुक्रवारच्या बाजारापर्यंत..."

"आई! तू त्याला विचारलंस? खरंच? तिथं उभी राहून?"

"जेवणाच्या सुटीत. कुणी नव्हतं."

ऋजुताच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की दुसरा कसला, हे नदीवरच्या त्या वाऱ्यात कुमुदला नीट कळलं नाही, आणि विचारायचं धाडस तिला झालं नाही. पोरीनं बाहीनं तोंड पुसलं.

"शुक्रवारी काय केलं होतंस?"

"पाटोडी रस्सा."

"एकटीनं खाल्लास?"

"शेजारी दिला. तिखट झालाय म्हणाले."

"त्यांना काय कळतंय," ऋजुता म्हणाली. मग शिडीकडे बोट करून, "चल, दाखवते. वरून बघ तो गर्डर कसा बसलाय. तुझ्या पडद्यावर असा दिसत नाही."

कुमुदनं पदर खोचला आणि आयुष्यभराच्या सवयीनं झपझप पुढं झाली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच मागून हाक आली.

"थांब."

कुमुदच्या कपाळावर आठी चढली. पोलादाच्या कामात जन्म गेला होता तिचा. "अगं, दोन मिनिटांचं तर—"

"टोपीशिवाय वर जायचं नाही. कुणीच नाही. इथं तपासणी माझी आहे."

वर बोल्ट कसणाऱ्यांचे हात थांबले होते. चार-पाच माणसं वाकून बघत होती. कुमुदच्या जिभेवर एक चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि पाय पायरीवरून खाली घेतला.

ऋजुतानं खुंटीवरची पिवळी टोपी काढली, आतून झटकली, आईच्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली पट्टा ओढला.

"घट्ट होतंय."

"होऊ दे," ऋजुता म्हणाली, आणि पट्टा नीट बसलाय की नाही हे बोट घालून पुन्हा एकदा ओढून पाहू लागली. तिची तपासणी पुरी होईतो कुमुद हनुवटी वर करून, हात खाली सोडून, गप उभी राहिली.